हरणीसाठी सहा तास

बाबा अमरावतीच्या एका शाळेत तेहतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. कबड्डी, खो-खो सगळंच शिकवायचे, पण जीव होता तो धनुर्विद्येवर. मैदानाच्या टोकाला गवताच्या पेंढ्या घट्ट बांधून केलेलं लक्ष्य, बांबूची धनुष्यं आणि रांगेत उभी असलेली पोरं. त्यांची बरीच मुलं राज्यपातळीपर्यंत गेली. मी सातवीत सोडून दिलं. घरी ते बाबा होते आणि मैदानावर सर, आणि ते सर मला आवडायचे नाहीत.

आई गेल्यावर दीड-दोन वर्षांनी त्यांचं ग्रीन कार्ड झालं आणि ते आमच्याकडे टेक्ससमधल्या प्लेनोला राहायला आले. मी आणि माझा नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. दिवसभर आपापल्या खोलीत मीटिंगा. बाबा सकाळी तासभर चालायला जात. आमच्या भागात चालणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं याची गाडी बंद पडली. दोनदा शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत बसवून घरी आणून सोडलं. तिसऱ्या वेळी ते मला म्हणाले, "इथं माणसाला पायच नकोत काय?"

म्हणून मी त्यांना पंधरा मिनिटांवरच्या एका आर्चरी रेंजवर घेऊन गेले. एका मोठ्या गोडाऊनमध्ये ओळीनं लक्ष्यं लावलेली होती. तिथलं कंपाऊंड बो हातात घेऊन त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिलं. दोन्ही टोकांना चाकं, तारा, नेमासाठी हिरवा ठिपका, दोरी सोडायला खटका. "हे धनुष्य नाही, यंत्र आहे," असं म्हणाले. पण दोरी पूर्ण ओढली की त्याचा भार खूप कमी होतो, आणि सदुसष्टाव्या वर्षी खांद्याला ते बरं वाटतं. महिन्याभरात ते आठवड्यातून तीनदा जायला लागले. ड्रायव्हर मीच. नुसतं बसून कंटाळा यायला लागला, म्हणून मीही एक धनुष्य घेतलं.

माझ्या टीममधले एक सीनियर टेक्ससमध्येच वाढलेले आहेत. साठीला आलेले, सावकाश बोलणारे. पश्चिमेला अडीच तासांवर त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. ते एकदा आमच्याकडे जेवायला आले, बाबांच्या धनुष्यावरून गप्पा निघाल्या आणि त्यांनी सरळ आमंत्रण दिलं: ऑक्टोबरात धनुष्याचा सीझन सुरू होतो, या, हरणं भरपूर आहेत.

ते गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "बाबा, तिकडे भारतात हरणाला हात लावला तर तुरुंगात जातो माणूस."

"इथं लायसन्स मिळतं ना?"

"मिळतं. पण कशाला?"

बाबा म्हणाले, "मी जन्मभर मटण खाल्लं. दर वेळी दुसऱ्याच कुणी तरी कापलं. एकदा आपल्या हातानं करून पाहावं. जमलं नाही तर खाणं सोडून देऊ."

नवऱ्यानं विषय बदलला. त्याला रविवारचा रस्सा सोडायचा नव्हता.

शिकारीच्या आधी एक कोर्स करावा लागतो. बाबांना वयामुळे तो माफ होता, मला करणं भाग होतं. तरी ते माझ्या शेजारी वही घेऊन बसले. बाण कुठं लागायला हवा, तर पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या पिंजऱ्यात. तिथं लागला तर जनावर काही सेकंदांत पडतं. त्यांनी हरणाचं चित्र काढून तिथं गोल केला. मी म्हटलं, मी फक्त तुमच्याबरोबर बसायला येणार आहे, मारणार तुम्ही. ते म्हणाले, "नुसतं बसायचं असेल तर घरी बस." म्हणून माझंही लायसन्स काढलं.

उन्हाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आधी ते तीस यार्डांवरून मारायचे, मग वीसवर आले. विचारलं तर म्हणाले, "नजर कमी झाली." मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नवा चष्मा झाला. यार्ड वीसच राहिले.

जमिनीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या सीनियरांनी आम्हाला फीडर दाखवला. तीन पायांवर उभं केलेलं एक पिंप. ठरलेल्या वेळी त्यातून मका उडतो आणि हरणं खायला येतात. समोरच बसायची जागा. इकडे असंच करतात. बाबांना मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "जेवायला बोलावून मारायचं? नाही पटत मला. त्यांना सांग, दुसरी जागा द्या."

मला ते इंग्रजीत सांगताना अवघड झालं. सीनियर हसले, राग आला नाही त्यांना. म्हणाले, मग ओढ्याजवळ बसा, तिथून ती पलीकडे जातात, पण रोज जातीलच असं नाही.

त्या खेपेला दोन सकाळी बसलो. एक साळिंदर आणि रानटर्कींचा एक कळप, एवढंच दिसलं. बाबा खूश होते. मी थंडीनं आखडले होते.

दुसऱ्यांदा गेलो तो ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. आदल्या दिवशी उत्तरेकडून गार वारा आला होता. उजाडायच्या आधी आम्ही ब्लाइंडमध्ये जाऊन बसलो. ब्लाइंड म्हणजे मातकट कापडाचा छोटा तंबू. चारी बाजूंना खिडक्या, आत दोन घडीच्या खुर्च्या. समोर कोरडा ओढा आणि पलीकडे बुटक्या जुनिपरची दाट झाडी. सात वाजून गेल्यावर डाव्या बाजूनं दोन हरणी आल्या. पुढची मोठी. ती चालायची, थांबायची, कान फिरवायची, पुन्हा दोन पावलं चालायची. आमच्यासमोर अठरा-वीस यार्डांवर ती आडवी उभी राहिली.

बाबांनी दोरी ओढली. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, म्हणून मला बाणाचं टोक दिसत होतं. ते हलत होतं. थंडीनं हात थरथरतो तसं नाही. एका लयीत, टक टक टक, जसं कुणी आतून मोजतंय. त्यांनी श्वास सोडला. तरी थांबेना. मग त्यांनी अगदी हळूहळू दोरी परत सैल केली, आवाज न करता. हरणीला कळलं नाही.

ते माझ्या कानाशी आले. "तू मार."

मी नाही म्हणून मान हलवली.

"मार. ती जाईल आता."

मी धनुष्य उचललं. आठ महिने रेंजवर मारत होते, वीस यार्डांवर माझे बाण बशीएवढ्या जागेत बसायचे. दोरी ओढली, हिरवा ठिपका तिच्या पुढच्या पायाच्या मागं आणला. आणि मी खटका दाबला त्याच क्षणी तिनं पुढं पाऊल टाकलं.

ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज झाला. ती उडी मारून पळाली नाही. पाठ कमानीसारखी वर काढून, पोट आत घेऊन, दुडक्या चालीनं झाडीत शिरली. दुसरी तिच्या मागं गेली.

"पोटात गेला," बाबा म्हणाले.

मी उठत होते. त्यांनी माझी बाही धरली. "आता नाही उठायचं. अर्धा तास."

अर्ध्या तासानं आम्ही बाण शोधला. आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्यावर रक्त थोडंच होतं, बाकी हिरवट-तपकिरी काही तरी होतं आणि त्याला शेणासारखा वास येत होता. मी फोटो काढून सीनियरांना पाठवला. ते त्या दिवशी गावातल्या घरी होते. लगेच त्यांचा फोन आला.

"पाठलाग करू नका," ते म्हणाले. "निदान सहा तास थांबा. ती जवळच कुठं तरी बसेल. तुम्ही मागं गेलात की उठेल आणि मैलभर जाईल, मग कुणालाच सापडणार नाही. आज थंडी आहे, मांस टिकेल. मी दीड वाजता येतो."

"सहा तास ती जिवंत असेल?"

"कदाचित."

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हो. कोर्समध्ये होतं."

आम्ही गाडीपर्यंत परत गेलो. फाटकाजवळ एक मोठं ओकचं झाड आहे, त्याच्या खाली सतरंजी टाकून बसलो. आठ वाजले होते. मला एका जागी बसवत नव्हतं. मी फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत होते आणि परत येत होते. सारखी तीच कमानीसारखी पाठ डोळ्यांसमोर येत होती. बाबांनी डबा उघडला. मेथीचे पराठे आणि ठेचा, पहाटे त्यांनीच भरून घेतला होता.

"खा थोडं."

"मला नको."

"दुपारी तिला ओढत आणायला ताकद लागेल. खा."

मग मी ओरडले. त्या जमिनीवर दूरदूरपर्यंत कुणी नव्हतं, त्यामुळे फार मोठ्यानं ओरडले. "तुम्ही मला का मारायला लावलंत? मी म्हटलं होतं ना, मी फक्त बसायला येईन? तुम्हाला मारता येत होतं, तुम्ही तेहतीस वर्षं शिकवलंय!"

त्यांनी हातातला पराठा डब्यात ठेवला आणि उजवा हात माझ्यापुढं धरला. मांडीवर ठेवला की तो थरथरायचा. उचलला की थोडा थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. अंगठा आणि पहिलं बोट, गोळी वळल्यासारखं.

मी खाली बसले. "कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. आधी थोडं होतं. चहाचा कप हलायचा."

"आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा?"

"चष्मा पण लागतच होता."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू धनुष्य काढून घेतलं असतंस."

"घेतलं असतं."

"मग?" ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तेवढं उत्तर पुरेसं होतं.

नंतर ते स्वतःहून बोलायला लागले. त्यांचा आवाज मैदानावरचा नव्हता. "मला वाटलं होतं, एक बाण तर सोडता येईल. रेंजवर सकाळी जमायचं. औषध घेतल्यासारखं, थोडा वेळ हात ऐकतो. आज नाही ऐकला. थरथरत्या हातानं मारलं असतं तर तिचे हाल झाले असते. म्हणून तुला सांगितलं. तू चांगली मारतेस."

"हाल झालेच ना."

"झाले," ते म्हणाले. "ते माझ्यावर टाक. मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू तयार नव्हतीस आणि मी घाई केली. शाळेत एखाद्या मास्तरनं पोराबरोबर असं केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं."

बाबांनी कधी चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. मी पराठा घेतला आणि खाल्ला, दोन खाल्ले. थर्मासमधला चहा दोघांनी घेतला. मग ते झाडाला टेकून डोळे मिटून बसले आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. झोप लागली की तो थांबत होता. फोनवर मी हाताची थरथर, कंपवात असं सगळं शोधत होते, आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. ते सहा तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे. तिकडे झाडीत ती काय करत असेल हे मनात आलं की मी उठून चालायला लागायचे. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दीडला सीनियर आले. त्यांनी टॉयलेट पेपरचा रोल आणला होता. जिथं रक्त दिसेल तिथं त्याचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मागं वळून पाहिलं की रेघ दिसते. पण रक्त फारच थोडं होतं. पहिले चार तुकडे त्यांनीच लावले आणि मग माग हरवला. आम्ही तिघं गोल फिरत होतो. शेवटी बाबांना सापडलं. गुडघ्याच्या उंचीवर, एका वाळक्या गवताच्या पात्याच्या आतल्या बाजूला, तांदळाएवढा डाग. तिथून पुढं ते वाकूनच चालले. सीनियर माझ्याकडे बघून भुवया उंचावून हळूच म्हणाले, काय नजर आहे यांची!

दीडशे पावलांवर ओढ्याला एक वळण होतं. बाबा थांबले आणि हात मागं करून आम्हाला थांबवलं. ती जुनिपरखाली बसली होती. डोकं वर होतं. कान आमच्याकडे वळले, पण ती उठली नाही.

धनुष्याच्या सीझनमध्ये बंदूक चालत नाही. सीनियरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "पंधरा पावलं आहेत. ती हलत नाही. श्वास घे. आणि घाई नको करजो."

मी श्वास घेतला. ठिपका आणला. या वेळी ती हलली नाही. बाण गेला तेव्हा तिनं मान एकदा मागं टाकली, मग खाली ठेवली. तेवढंच. आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. सीनियरांनी धनुष्याच्या टोकानं तिच्या डोळ्याला स्पर्श करून ती मेल्याची खात्री केली आणि टोपी काढली. बाबांनी हात जोडले. मी काहीच केलं नाही, मला फक्त बसावंसं वाटत होतं, आणि मी बसले.

लायसन्सबरोबर मिळालेल्या टॅगवर, म्हणजे चिठ्ठीवर, त्या दिवसाचा महिना आणि तारीख चाकूनं कापून तो लगेच जनावराला बांधावा लागतो. माझी बोटं सुन्न झाली होती आणि बाबांची थरथरत होती, त्यामुळे ते काम सीनियरांनी करून दिलं. पोट साफ करताना वास असह्य होता. आतलं सगळं फुटलेलं होतं. बाबांनी मागचे पाय धरले, सीनियर सांगत गेले आणि मी कापत गेले. पाठीच्या आतल्या बाजूचं सगळ्यात कोवळं मांस खराब झालं होतं, ते टाकून द्यावं लागलं. बाकीचं वाचलं. "माझ्याकडूनही झालंय हे," सीनियर म्हणाले, "विशीत असताना. ती मला सापडलीच नाही." त्यानं मला बरं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. खरं तर मला तसं वाटलं नाही, पण त्यांनी सांगितलं हे चांगलं झालं.

परत येताना हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "तुझा कोपर खाली पडतो. पहिल्या वेळी पडला होता."

"बाबा, ती पुढं सरकली."

"सरकली. कोपर पण पडला."

मला राग यायला हवा होता. मी हसायला लागले, आणि मग ते हसणं थोडं लांबलं आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. बाबा खिडकीतून बाहेर बघत बसले. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात उरलेला चहा ओतून मला दिला. अर्धा सांडला.

घरी नवऱ्यानं ते मांस दोन दिवस मुरवून ठेवलं आणि बाबांच्या सांगण्याप्रमाणे काळ्या मसाल्यात शिजवलं. चरबी नसल्यामुळे जरा चिवट झालं. बाबांनी खाल्लं. मीही खाल्लं, पहिला घास जड गेला. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "सोडायची गरज नाही." ते खाण्याबद्दल होतं. नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

डिसेंबरात न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. तिनं बाबांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली. बाबांनी मराठीत लिहिली. ओळ सुरुवातीला मोठी होती आणि शेवटी मुंगीएवढी झाली. पार्किन्सन्सच होता, सुरुवातीचा. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा फायदा झाला, पण पूर्ण नाही.

पुढच्या वर्षी जाण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही ठरवलं होतं की बस झालं. पण ऑगस्टमध्ये मीच एका संध्याकाळी रेंजवर गेले. आठवड्याभरानं ते गाडीत येऊन बसले. मागं खुर्ची टाकून बसायचे आणि मी दहा बाण मारले की दहा वेळा "कोपर" म्हणायचे. मला ते चालत होतं.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो. या वेळी धनुष्य एकच. बाबा शेजारी बसले होते, मांडीवर हातमोजे घातलेले हात. मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचं. कोपरानं हलकेच डिवचायचे. एक हरणी आली, आडवी उभी राहिली, पण मान वर करून आमच्याकडे बघत होती. ती सावध होती, मी बाण सोडला नाही. ती गेली. तासाभरानं दुसरी आली, खाली मान घालून, अगदी निवांत. तिला मी मारलं. ती चाळीस पावलं गेली आणि आमच्या डोळ्यांसमोर पडली.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठं प्लास्टिक अंथरून आम्ही मांसाचे तुकडे करत होतो. मी कापत होते, नवरा पिशव्यांमधली हवा काढून त्या बंद करत होता. सुरी धरता येत नाही म्हणून बाबांनी लेबलं लिहायचं काम घेतलं. मांडी, खांदा, खिमा, हाडं. प्रत्येकावर तारीख. अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही वाचता येईना.

महिन्याभरानं एका रविवारी नवरा फ्रीझरसमोर एक पिशवी डोळ्यांजवळ धरून उभा होता. "बाबा, हा खिमा आहे की खांदा?"

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "उघडून पाहा."

ती हाडं निघाली. त्या दिवशी आम्ही सूप केलं.